कुलूपबंद मरून

मास्तर निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांना घड्याळ दिलं, भाषणं केली, फोटो काढले आणि फाइलचा पासवर्ड विचारायचं साफ विसरलो.

मास्तर म्हणजे आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यातले शेड मास्तर. रंग कोणता हवा ते गिऱ्हाईक सांगतं. तो आणायचा कसा, म्हणजे पिवळा किती, लाल किती, निळा किती, मीठ आणि सोडा किती, ते शेड मास्तर ठरवतो. बावीस वर्षांतल्या तीनशे चाळीस शेड त्यांनी संगणकावरच्या एका तक्त्यात भरून ठेवल्या होत्या. एका ओळीत एक शेड. आणि त्या तक्त्याला पासवर्ड घातला होता. "चोरांचा काय भरवसा," असं ते म्हणायचे. कारखान्यात आम्ही मोजून अकराजण, आणि हे वाक्य म्हणताना ते आमच्याकडेच बघायचे.

मला सगळे काटेताई म्हणतात. माझं आडनाव काही तसं नाही. मी काट्यावर रंगाची पूड मोजते म्हणून. चौदा वर्षं मोजतेय. मास्तर एका चिठ्ठीवर आकडे लिहून द्यायचे, मी मिलिग्रॅमपर्यंत मोजायचे, आणि काम झालं की ते चिठ्ठी परत घेऊन तिचे तुकडे करायचे. मोजायचं मी, बीकर विसळायचे मी, नमुने उकळून वाळवायचे मी. शेवटी नमुना उजेडात धरून "लागली" म्हणायचा मान मात्र मास्तरांचा. शेड जुळली की आमच्यात "लागली" म्हणतात. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. रोज वाटायचं. पण रोजचं वाईट वाटणं हे चपलेतल्या खड्यासारखं असतं, माणूस चालत राहतो.

मास्तर गेल्यावर ती जागा रिकामी झाली आणि मला ती हवी होती. मी हे कुणाला बोलले नव्हते, घरीसुद्धा नाही.

लगेचच्या सोमवारी एका नाट्यगृहाची मागणी आली. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या चारशेवीस खुर्च्यांची मखमल आम्हीच रंगवली होती. आता छप्पर गळून साठ खुर्च्या खराब झाल्या होत्या. चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं: शेड नंबर दोनशे सात, मरून, सुती मखमल, पूर्वीसारखीच. मालकीणबाईंनी खुशीत फाइल उघडली आणि पडद्यावर ती छोटीशी चौकट आली. पासवर्ड टाका.

"कुणाला माहीत आहे?" बाईंनी विचारलं. अकरापैकी कुणालाच नव्हतं.

आमच्याकडे संगणकाचं बघणारी एक मुलगी आहे, आम्ही तिला माऊस म्हणतो, कारण ती आल्याची कुणाला चाहूलच लागत नाही. तिने बघितलं आणि मान हलवली. "नुसता तक्ता बदलू नये म्हणून कुलूप असतं ना, ते मी पाच मिनिटांत काढलं असतं," ती म्हणाली. "पण हे घराच्या आतल्या कपाटाचं नाही, घराच्याच दाराचं कुलूप आहे. किल्लीशिवाय नाही उघडायचं."

मग काय विचारता. मंगळवारी कारखान्यात काम कमी आणि तर्क जास्त. मास्तरांच्या बायकोचं नाव, मुलाचं नाव, गाडीचा नंबर, जन्मतारीख, लग्नाची तारीख. पॅकिंगवाल्याचं म्हणणं पडलं की मास्तरांना लग्नाची तारीख आठवतच नाही, एकदा त्यावरून घरी रामायण झालं होतं. माऊस प्रत्येक प्रयत्न वहीत लिहून ठेवत होती. संध्याकाळपर्यंत एकशेछत्तीस झाले. एकशेसदतिसावा प्रयत्न खुद्द बाईंचा होता. त्यांनी स्वतःचंच नाव घालून पाहिलं, आणि ते लागलं नाही याचा त्यांना थोडा रागही आला.

शेवटी बाईंनी मास्तरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. मी शेजारीच काटा पुसत होते.

"पासवर्ड असा फोनवर सांगायचा नसतो, बाई," मास्तर म्हणाले. "माझा भाचा आहे. रंगाचंच शिकलाय, दहा वर्षं अनुभव आहे. त्याला माझ्या जागेवर घ्या. फाइल आपोआप त्याच्याबरोबर येईल."

"आणि काटेताई?"

"ती मोजते छान. तिला मोजू द्या."

माझ्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. चौदा वर्षांची किंमत तीन शब्दांत. डोळ्यांत पाणी यायच्या आधी राग आला हे एक बरं झालं.

"बाई," मी म्हणाले, "शेड दोनशे सात मी लावते. शनिवारपर्यंत वेळ द्या."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "फाइलशिवाय?"

"फाइलशिवाय."

"आणि नाही लागली तर?"

"तर भाच्याचे बीकर विसळीन. विसळायची सवय आहेच."

बाई व्यवहाराच्या पक्क्या. त्यांनी फोनवरच तोडगा काढला. मास्तरांनी शुक्रवारी येऊन स्वतःच्या हाताने फाइल उघडायची, ही एकच शेड वाचून दाखवायची, भाच्याने ती रंगवायची. शनिवारी नाट्यगृहात दोन खुर्च्यांवर दोन कापडं चढवायची, एक भाच्याचं, एक माझं. ज्याचं जुळेल त्याची जागा. दोन्ही सारखीच जुळली तर भाचा, कारण उरलेल्या तीनशे एकोणचाळीस शेडही त्याच्याबरोबर येणार. मास्तर लगेच कबूल झाले. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की त्यांना ही गंमत वाटतेय.

घरी सांगितल्यावर आमच्या ह्यांनी जेवता जेवता हात थांबवला. हे शाळेची बस चालवतात, त्यामुळे कुठल्याही गोंधळात शांत राहतात. "अगं, तुला मास्तर व्हायचं होतं, हे चौदा वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

"बोलून काय होणार होतं?"

"मी रोज अर्धा तास आधी उठून तुला कारखान्यावर सोडतो ते काय तू बीकर विसळावेस म्हणून?" ते म्हणाले. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "तिला जेवू दे आधी. डोळ्यांचं काम आहे तिचं." आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

बुधवारी मी नाट्यगृहात गेले. फाइल नाही म्हणजे नमुना तरी हवा. तिथले व्यवस्थापक उंच, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालले की माणसाआधी आवाज येतो. "मला नंबर-बिंबर कळत नाही," ते म्हणाले. "नवी खुर्ची जुन्यांत मिसळली पाहिजे. आमच्या प्रेक्षकांना नाटक आवडलं नाही की ते खुर्च्यांमध्ये चुका काढतात." त्यांनी सुताराला बोलावून मधल्या रांगेतल्या एका चांगल्या खुर्चीचं आवरण काढून दिलं.

कारखान्यात येऊन मी ते उलटंपालटं केलं आणि माझ्या अंगावर काटाच आला. आवरणाची कड खुर्चीच्या खाली दुमडून ठोकलेली होती. त्या दुमडीत सहा वर्षांत ना उजेड गेला होता, ना कुणाचा हात. आत अगदी ताजी, गडद, पहिल्या दिवशीची मरून. दोनशे सात नंबर माझ्यासमोर उघडा पडला होता, आणि त्याला पासवर्ड नव्हता.

गुरुवारी सकाळी आठपासून मी बीकर लावले. लाल जास्त, पिवळा थोडा, निळा नखाएवढा. साठ अंशांवर तापवा, धुवा, वाळवा, बघा. पहिले आठ नमुने जांभळ्याकडे गेले. पुढचे सहा विटेकडे. दुपारपर्यंत माझ्या नखांत मरून, रुमालावर मरून, माऊसने आणून दिलेल्या चहाच्या कपावरसुद्धा मरून. बत्तिसावा नमुना मी खिडकीत नेला, मखमलीची लव दोन्हीकडे एकाच दिशेने बसवली, दुमडीशेजारी धरला. मधली रेघ दिसेना.

"लागली," मी म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले. माऊस उभी राहून टाळ्या वाजवायला लागली, आणि तिचा आवाज एवढा मोठा असतो हे आम्हाला तेव्हा कळलं.

मी एवढी खूश होते की घरी जाताना मुद्दाम वाट वाकडी करून नाट्यगृहात शिरले. म्हटलं, खुर्चीवर ठेवून एकदा डोळे भरून बघावं. व्यवस्थापकांनी दिवे लावले. मधल्या रांगेतल्या एका खुर्चीच्या पाठीवर मी नमुना ठेवला आणि चार पावलं मागे आले.

आजूबाजूच्या खुर्च्यांमध्ये तो तुकडा ओल्या डागासारखा दिसत होता.

"हे नवं आहे ना?" व्यवस्थापक सहज म्हणाले. "दिसतंय."

मी दुमडीशी जुळवलं होतं. पण दुमडीवर कोण बसतं? सहा वर्षं माणसं या खुर्च्यांना टेकली, दिवे पडले, झाडलोट झाली. वरची मरून थोडी उतरली होती, तिच्यातला निळा उडून ती तांबूस झाली होती. दोनशे सात नंबर आता फक्त दोन ठिकाणी उरला होता, खुर्चीखाली ठोकलेल्या दुमडीत आणि मास्तरांच्या फाइलमध्ये.

घरी मी ह्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. मागणीत लिहिलंय दोनशे सात. मी गुरुवारचा नमुना दिला तर तो कागदाप्रमाणे शंभर टक्के बरोबर, कुणी बोट दाखवू शकणार नाही. पण भाचाही तेच आणणार, आणि बरोबरीत जागा त्याची. उतरलेला रंग आणला आणि तो जरा जरी हुकला, तर मास्तर सगळ्यांदेखत म्हणणार, हिला शेडसुद्धा कळत नाही. मग जागा जाईलच, वर अब्रूही.

"तुझा डोळा काय म्हणतो?" ह्यांनी विचारलं.

"डोळा म्हणतो, लोक खुर्ची बघणार. कागद नाही."

"मग कागदाला झोपू दे," हे म्हणाले आणि बसच्या किल्ल्या शोधायला लागले.

शुक्रवारी मी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. आणि खरं कठीण तेव्हा कळलं. वापरलेलं आवरण एका रंगाचं नसतंच. बैठकीच्या मध्यभागी फिकं, कडेला गडद, डोकं टेकतं तिथे तेलकट. यातला कुठला रंग लावायचा? मी डोळे मिटून मनाने नाट्यगृहाच्या दारात उभी राहिले. आत येणाऱ्या माणसाला काय दिसतं? बैठका दिसत नाहीत, रांगेमागून रांग नुसत्या पाठी दिसतात. ठरलं. पाठीचा, खांद्याच्या उंचीचा रंग. व्यवस्थापकांकडून तिथला एक पिवळा दिवा मागून आणला होता, तो टेबलावर टांगला. प्रत्येक नमुना दिव्याखाली, मग ट्यूबलाइटखाली, मग गच्चीवर उन्हात.

अकराच्या सुमारास मास्तर आले, मागे भाचा. चाळिशीचा, नीटनेटका, बिचारा सारखा माझी माफी मागितल्यासारखं हसत होता. मास्तर संगणकासमोर असे बसले की त्यांच्या पाठीमागे पडदा पार झाकला गेला. टकटक टकटक. फाइल उघडली. त्यांनी एका कागदावर आकडे लिहिले आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

"मोज," ते म्हणाले.

मी आकडे वाचले आणि मला हसू दाबावं लागलं. लाल तोच. पिवळा तोच. निळ्यात फरक होता दशांशानंतरच्या दुसऱ्या घरात. जे इतकी वर्षं कुलपात होतं ते मी एका दिवसात नुसत्या डोळ्यांनी गाठलं होतं, आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. एवढा आनंद मला आयुष्यात थोड्या वेळा झालाय.

मी मोजलं. मिलिग्रॅमपर्यंत बरोबर मोजलं. निळ्याची एक चिमूट जास्त पडली असती तर कुणाला कळलंही नसतं, पण मला कुणाला पाडून जिंकायचं नव्हतं, जिंकून जिंकायचं होतं.

मास्तरांची नजर माझ्या वाळत घातलेल्या तुकड्यांवर गेली. "हे काय? विटकं दिसतंय. दोनशे सात अशी नाही."

"मास्तर, तुम्ही खुर्च्या बघून आलात का?" मी सरळच विचारलं.

"शेड फाइलमध्ये असते, काटेताई. खुर्चीत नसते." भाच्याकडे बघून ते हसले. "तुला सांगतो, नुसतं मोजून मास्तर होता येत नाही."

मी त्यांना संधी दिली होती. आता माझ्या मनावर ओझं नव्हतं. एकोणिसाव्या नमुन्याला निळा आणखी उतरवला, पिवळा केसभर वाढवला, एकूण रंग थोडा हलका केला. तीनही उजेडात धरला. या वेळी "लागली" म्हणायची घाई केली नाही. सरळ खुर्चीपुरतं कापड रंगवायला टाकलं.

शनिवारी दहा वाजता आम्ही सगळे नाट्यगृहात जमलो. मालकीणबाई, मास्तर, भाचा, माऊस, मी. सुताराने सकाळीच दोन खुर्च्यांच्या पाठी चढवल्या होत्या आणि कुठल्या ते कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त खाली खडूने खूण केली होती. व्यवस्थापकांनी सगळे दिवे लावले.

ते दारातूनच म्हणाले, "ती एक. सातवी रांग, कडेपासून चौथी." आणि खरंच, त्या फिकट तांबूस रांगांमध्ये ती एकटी खुर्ची गडद, टवटवीत, लांबूनच डोळ्यांत भरत होती. सुतार जाऊन वाकला. "भाचेसाहेबांची," तो म्हणाला.

मास्तरांचा चेहरा पडला, पण लगेच सावरला. "शेड अचूक आहे," ते म्हणाले. "मागणीप्रमाणे आहे. दुमडून बघा."

"असेल," व्यवस्थापक म्हणाले. "पण मला साठ खुर्च्या अशा उठून दिसायला नकोत. दुसरी दाखवा."

"शोधा," बाई म्हणाल्या.

ते निघाले. किल्ल्या खुळखुळवत पहिली रांग, दुसरी रांग. दोनदा एका खुर्चीपाशी थांबले, हात फिरवला, पुढे गेले. बाई दुसऱ्या बाजूने निघाल्या. भाचा तिसऱ्या. थोड्या वेळाने मास्तरही उठले. ते सगळ्यांत हळू जात होते, प्रत्येक पाठीवर लव आधी खाली आणि मग वर फिरवत, अगदी मी फिरवते तसे. बाराव्या रांगेत त्यांनी एका खुर्चीवर बोट ठेवलं. सुतार वाकला आणि नाही म्हणाला. चौदाव्या रांगेत पुन्हा. पुन्हा नाही.

"काटेताई, तुम्हीच दाखवा आता," बाई म्हणाल्या.

मी ऐटीत पुढे झाले. पंधराव्या रांगेत जाऊन इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि माझा चेहरा उतरला. मलाही सापडेना. माझ्या हाताने रंगवलेलं कापड, माझ्या डोळ्यांनी लावलेली शेड, आणि ती त्या चारशेवीस खुर्च्यांत पार विरघळून गेली होती. सुतार गालातल्या गालात हसत होता. त्याने नवव्या रांगेतल्या सहाव्या खुर्चीची बैठक उचलून खालची खूण दाखवली, तेव्हा माऊस ओरडलीच.

मास्तर त्या खुर्चीपाशी आले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि एकच शब्द म्हणाले, "लागली." त्यांच्या तोंडून हा शब्द मी हजारदा ऐकलाय. माझ्या शेडसाठी पहिल्यांदाच ऐकला. मला एकदम भरून आलं आणि मी ते लपवलं नाही. भाच्याने पुढे येऊन माझं अभिनंदन केलं, आणि या वेळी त्याच्या हसण्यात माफी नव्हती.

व्यवस्थापकांनी वही काढली. "ठरलं तर. उरलेल्या खुर्च्यांचं कापड कधी मिळेल?"

त्यांनी हे बाईंना विचारलं होतं. बाई एका खुर्चीवर निवांत बसल्या आणि म्हणाल्या, "हे आमच्या शेड मास्तरांना विचारा."

सवयीने मीसुद्धा वळून मास्तरांकडे पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की ते माझ्याकडे बघतायत. बाई, भाचा, माऊस, सुतार, सगळे माझ्याकडे बघत होते.

"गुरुवारी," मी म्हणाले. "लिहून घ्या."